आधी ताण उतरव

९ जानेवारी

चिमटे,

आशीर्वाद लिहावा की नमस्कार, यातच अर्धा तास गेला. पन्नाशीच्या बाईला आशीर्वाद काय द्यायचा, आणि धाकट्या बहिणीला नमस्कार कोण करतं? तेव्हा दोन्ही राहू दे. सरळ कामाचं लिहिते.

शाळेच्या मोठ्या मास्तरांचं ते खिशातलं घड्याळ परत आलंय.

कोणतं, ते तुला सांगायला नको. मास्तर आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. डोळे गेले, कान शाबूत आहेत. त्यांची लेक घड्याळ घेऊन आली. म्हणाली, बाबांना ते एकदा कानाशी धरून चालताना ऐकायचंय, दुसरं काही मागत नाहीत. एकतीस वर्षं कपाटात पडून होतं. आपल्या बाबांनी ज्या रुमालात बांधून परत दिलं, त्याच रुमालात अजून आहे. तुटलेली साखळी वेगळ्या पाकिटात, आणि पाकिटावर बाबांचं अक्षर.

उघडून बसले तर दुपार कशी गेली कळलं नाही. काय काम केलंय गं त्या लोकांनी! दोनशे वर्षं होऊन गेली, इंग्लंडातल्या कुठल्याशा खोलीत खिडकीपाशी बसून कुणीतरी हे हाताने कापलंय. चांदीची दोन कवचं, एकात एक. आतल्या कवचावर सिंहाचा छाप. चाकं झाकणाऱ्या वरच्या पाटीवर तो नक्षीचा पूल, पानं आणि वेली, आणि मधोमध एक इवलासा चेहरा, मिशी नसलेला, गाल फुगवलेला. तुला आठवतो? तू त्याला ‘फुगोबा’ म्हणायचीस. ही नक्षी गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. झाकण उघडणाऱ्यालाच दिसायची. म्हणजे आपल्यालाच. त्या माणसाने ती आपल्यासाठी केली, असं बाबा म्हणायचे आणि मग आपणच आपल्याला शाबासकी दिल्यासारखे हसायचे.

आणि साखळी. वीतभर लांब, दोऱ्याहून जरा जाड, आणि तिच्यात शेकडो कड्या, प्रत्येक कडी वेगळी कापून खिळ्याने जोडलेली. एका टोकाला स्प्रिंगचं पिंप, दुसऱ्या टोकाला तो शंकू. चावी दिली की साखळी पिंपावरून शंकूवर चढते. स्प्रिंग पूर्ण भरलेली असते तेव्हा जोरात ओढते, म्हणून साखळी शंकूच्या निमुळत्या टोकाला ओढते. स्प्रिंग दमली की रुंद बुडाला. असं करून घड्याळाला सकाळी आणि संध्याकाळी सारखंच बळ मिळतं. हे मी तुला शिकवतेय! पण दुसऱ्या कुणाला सांगू? शेजारच्या मोबाइलवाल्याला दाखवलं तर म्हणाला, “काकू, यात बॅटरी कुठे असते?”

आता मुद्दा. एका चाकाच्या आसाची टोकाची सुई मोडलीय, ती मी करीन. साखळी माझ्याने होणार नाही. उजवा हात वर्षभर झालं कापतो. चहाचा कप बशीत ठेवते तर शेजाऱ्यांना वाटतं मी टाळ वाजवतेय. वर तो जुना कापलेला अंगठा थंडीत ठणकतो. तू दातांच्या टोप्या बनवतेस, तुझ्याकडे मोठं भिंग असेल, आणि बोटं तर तुझीच. बाबांनी तुला चिमटी नाव काय उगाच दिलं होतं? साखळी पाठवू का? दोन ओळी लिही.

इकडे सगळं ठीक. बाबांचं टेबल तिथंच आहे.

ताई

१६ जानेवारी

चिमटे,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमन दिसला की मी दारात जाते. तो म्हणाला, “बाई, कोर्टाची नोटीस यायचीय का?”

तुझा राग मला कळतो. एकतीस वर्षांत तू दोनदा आलीस: एकदा बाबा आजारी असताना आणि एकदा ते गेल्यावर. दोन्ही वेळा उभ्या उभ्या. मावशी म्हणून तुझ्या लेकीने मला ओळखलं ते फोटोवरून. पण आता एक गोष्ट सापडलीय, ती तुला कळायला हवी, म्हणून पुन्हा लिहितेय.

बाहेरच्या कवचाच्या तळाला एक गोल कापड असतं ना, आतलं कवच खडखडू नये म्हणून ठेवलेलं? परवा स्वच्छ करताना ते उचललं. खाली गोल कापलेला कागद. जुने घड्याळजी ठेवायचे तसा. मला वाटलं, कुठल्या तरी जुन्या दुकानाची जाहिरात असेल. उलटा केला तर बाबांचं अक्षर. आपली ती बारीक तिरपी लिपी, एका पैशाच्या जागेत रामायण बसवणारी. तारीख तू गाव सोडून गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसाची. लिहिलंय:

‘साखळी तुटली. दोष धाकटीचा नाही.’

वाच पुन्हा. मी चार वेळा वाचलं.

म्हणजे बाबांना नंतर पटलं होतं. तुझ्या तोंडावर बोलले नाहीत, पण लिहून ठेवलं, आणि असं ठेवलं की ते मास्तरांना नाही, पुढे कधी हे घड्याळ उघडणाऱ्यालाच दिसेल. मग दोष कुणाचा, ते बाबाच जाणोत. दोनशे वर्षांची साखळी, आतून गंजलेली असेल, तुटली असेल आपली आपण. अशा साखळ्या तुटतात. मी तेव्हा मागच्या खोलीत जेवायला बसले होते, मला काय ठाऊक?

एवढं खरं, की त्या दिवसापासून बाबा मला रोज म्हणायचे, “मोठे, आधी ताण उतरव, मग पाटी उचल.” रोज. गिऱ्हाइकासमोरसुद्धा. चाळिशी ओलांडली तरी. पहिल्या दिवशी शिकवायचं वाक्य, ते मला पंधरा वर्षं ऐकवलं. मला वाटायचं, म्हातारपणाची सवय. आता वाटतं... जाऊ दे.

साखळी तुझं उत्तर न येताच पाठवतेय, रजिस्टर पोस्टाने, काडेपेटीत कापूस घालून. सोबत तुझं डोळ्याचं भिंग. बाबांनी त्या दिवशी तुझ्या हातातून काढून घेतलं ते टेबलाच्या याच खणात होतं, रबरी कडेवर तुझ्या दाताचे ठसे आहेत अजून. तू विचार करताना ते चावायचीस आणि बाबा ओरडायचे.

साखळी जोडायची नसेल तर जोडू नकोस. पण बाबांचं वाक्य तरी तुझ्यापर्यंत पोचलं.

ताई

२४ जानेवारी

चिमटे,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने बहुतेक वाचलंही असेल, वाचू दे. इथे उतरवून ठेवते, म्हणजे मला पुन्हा पुन्हा कार्ड काढून बघायला नको:

‘साखळी आणि भिंग मिळालं. त्या दुपारी तू जेवली नव्हतीस. तुझा डबा भरलेला होता. संध्याकाळी तो मीच घासला.’

बस. ना ‘ताई’, ना खाली सही.

म्हणजे तुला तेव्हापासून ठाऊक होतं! मग बोलली का नाहीस? बाबांपुढे तो डबा आपटायचा होतास. माझ्या झिंज्या ओढायच्या होत्यास. तुझी जीभ तर बाकीच्या वेळी लवलव करायची. हे वाक्य लिहून झाल्यावर लाज वाटली. चोर तो चोर, वर शिरजोर. पण खोडत नाही. आता या पत्रात काही खोडायचं नाही, असं ठरवून बसलेय.

ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं? सांगते.

मंगळवार होता. दर मंगळवारी बाबा घंटाघराच्या मोठ्या घड्याळाला चावी द्यायला जायचे. मी सहा वर्षं दुकानात काम करत होते. सहा वर्षांत मी त्यांच्याबरोबर गेले ती जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून तेलाची बाटली धरायला. त्या मंगळवारी ते तुला म्हणाले, “चल गं चिमटे, वर चल, तुला चाकं दाखवतो.” तू नुकती दीड वर्षाची कारागीर. आणि त्याच सकाळी त्यांनी मास्तरांचं घड्याळ तुझ्या टेबलावर ठेवलं होतं. ज्या घड्याळाला त्यांनी मला कधी बोट लावू दिलं नाही, ते. मला म्हणाले, “तू डबा खाऊन घे, आम्ही पाऊण तासात येतो.”

मी जळत होते. दुसरा कुठलाही चांगला शब्द शोधला तर तो खोटा ठरेल. आई गेल्यावर स्वयंपाक मी केला, तुझ्या वेण्या मी घातल्या, दुकान मी झाडलं, आणि चाकं बघायला तू.

डब्याचं झाकणही उघडलं नाही. तुझ्या स्टुलावर जाऊन बसले. काचेचा घुमट काढला. फक्त बघायचं होतं, साखळी चालते कशी ते. देवाशपथ, मोडायचं मनात नव्हतं. पुलाजवळून नीट दिसेना म्हणून चार खांबांच्या चार पिना काढल्या आणि पाटी नखभर उचलली.

मास्तरांनी सकाळी देताना चावी पूर्ण दिली होती. स्प्रिंग गच्च भरलेली. आणि मी ताण उतरवलाच नव्हता.

शेकडो वेळा पाठ म्हटलेलं वाक्य. तू कधी विसरली नसतीस. मी विसरले, कारण माझं लक्ष घड्याळात नव्हतं, दाराकडे होतं. चाकं भर्रकन सुटली, ‘टच’ असा आवाज झाला, साखळीचं टोक उडून अंगठ्यावर बसलं. त्या जागेचा वण अजून आहे. पहिल्या पत्रात ‘जुना कापलेला अंगठा’ लिहिलं ना, तोच. खाई त्याला खवखवे, नाही तर अंगठ्याचं नाव काढायचं मला काय कारण होतं?

मी सगळं परत लावलं. पाटी बसवली, पिना घातल्या, झाकण लावलं, घुमट ठेवला, अंगठ्याला चिंधी गुंडाळली. पन्नास घड्याळं टिकटिकत असताना एक बंद पडलेलं कुणाला ऐकू येतं?

पुढचं तुला माहीत आहे. तरी मी लिहिते, म्हणजे मलाही माहीत आहे हे तुला कळेल. तीन वाजता तू ते उघडलंस. म्हणालीस, “बाबा, साखळी तुटलीय.” त्यांनी विचारलं, “ताण उतरवलास?” तू म्हणालीस, “उतरवायला गेले, तर ताणच नव्हता.” बाबा म्हणाले, मोडलं ते मोडलं, पण खोटं बोलू नकोस. मग माझ्याकडे वळले. “मोठे, आमच्या मागे कुणी आलं होतं? कुणी हात लावला?” तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, “मी आत जेवत होते. कुणी नाही आलं.”

एवढंच वाक्य. त्याच्यावर माझं सगळं आयुष्य चाललंय. तुला त्यांनी भिंतीवरच्या घड्याळांना लावलं, तू तीन महिन्यांत दातांच्या कामावर निघून गेलीस, आणि दुकान मला मिळालं. ते तुझं होतं, चिमटे. हात तुझे होते. मी नुसती मोठी होते.

बाबांच्या कागदावरही मी तुला सगळं लिहिलं नाही. त्यावर तिसरी ओळ आहे. सबंध कागद असा आहे: ‘साखळी तुटली. दोष धाकटीचा नाही. मोठी सांगेल म्हणून थांबलो.’

त्या संध्याकाळी माझ्या अंगठ्याला त्यांनी स्वतः पट्टी बांधली होती. मी म्हटलं, भाजी चिरताना कापलं. दुकानात कसली भाजी! त्यांनी नुसती गाठ मारली. त्यांना तेव्हाच कळलं की तू गेल्यावर, देव जाणे. पण कळल्यावर पंधरा वर्षं, मरेपर्यंत, थांबले. आणि रोज मला आठवण करत राहिले, ताण उतरव. मी ‘हो बाबा’ म्हणून पाटी उचलत राहिले.

मला त्यांचाही राग आला, हेही लिहिते. एका शब्दाने विचारलं असतं तर मी त्याच क्षणी रडून सांगितलं असतं. निदान त्यांनी तुझ्याकडे तरी जायचं होतं, बस पकडून, म्हणायचं होतं, पोरी, चुकलो. मी बोलेन याची वाट बघत त्यांनी तुला वनवासात ठेवलं. पण त्यांचा दोष काढून माझा कमी होत नाही, ते मला कळतं.

आणखी एक. मास्तरांची लेक घड्याळ देताना म्हणाली होती, “पण या वेळी ते धाकटीच्या हातात देऊ नका हं. तेव्हा तिनेच मोडलं होतं ना?” मी मूग गिळून पावती लिहिली. म्हणून तुला पहिलं पत्र लिहिलं. घरात बसवेना.

मला माफ कर, असं लिहायची माझी लायकी नाही, पण लिहिते. मला माफ कर. हे मी वाईट केलं आणि ते मला रोज ठाऊक होतं.

ताई

३० जानेवारी

चिमटे,

तुला सांगून झालं, पण गावाला कोण सांगणार? काल मास्तरांकडे गेले.

ते खिडकीपाशी खुर्चीत बसलेले होते, मांडीवर रेडिओ. लेकीने चहा आणला. मी कप उचलला नाही. म्हटलं, “मास्तर, तुमचं घड्याळ धाकटीने नाही, मी मोडलं होतं. ती आत्ता साखळी जोडतेय की नाही, मला ठाऊक नाही. पण मोडलं मी.” आणि डबा, पाटी, अंगठा, सगळं सांगितलं.

लेक रागावली. म्हणाली, “अहो, एवढी वर्षं? आम्ही सगळीकडे...” मास्तरांनी हात वर केला तशी ती गप्प झाली. अजून वर्गात असल्यासारखे बसतात. रेडिओवर बातम्या चालू होत्या, त्या त्यांनी बंद केल्या.

मग म्हणाले, “एकतीस वर्षं उशिरा हात वर केलास.”

मी म्हटलं, “हो.”

“माझ्या वर्गात असतीस तर बाकावर उभी केली असती.”

“आत्ता उभी राहू का?”

“पडशील,” म्हणाले. आणि हसले, पण ते हसू लगेच गेलं. “तुला ठाऊक आहे का, मी त्या पोरीला सगळीकडे हलगर्जी म्हणत आलो. पोरांना उदाहरण म्हणून सांगायचो. काही मोडलं तर मोडलं, पण त्या घड्याळवाल्याच्या धाकटीसारखं खोटं बोलू नका. दर वर्षी, नव्या वर्गाला.”

हे मला माहीत नव्हतं. मला तिथे खरंच उभं राहावंसं वाटलं, आणि पळून जावंसंही. मी रडले. त्यांच्या लेकीने मला रुमाल दिला, रागातच दिला, पण दिला.

मग त्यांनी काय करावं? लेकीला म्हणाले, “ती वही काढ.” माजी विद्यार्थ्यांचे फोन नंबर लिहिलेली वही. “निम्म्यांचे नंबर बदलले असतील. उरलेल्यांना लाव.” आणि माझ्यासमोर तीन फोन केले. पलीकडे कुणी तरी चाळिशीतला माणूस, ‘मास्तर, तब्येत बरी आहे ना?’ विचारतोय, आणि हे ओरडतायत, “तब्येतीचं राहू दे. ते घड्याळाचं उदाहरण मी चुकीचं दिलं होतं. ती मुलगी खोटं बोलली नव्हती. कळलं? परत सांग मला.” आणि त्याच्याकडून परत वदवून घेतलं. तिघांकडूनही! तिसरा बहुधा कुठल्या बँकेचा साहेब झालाय, तोही मुकाट्याने म्हणाला.

निघताना मी विचारलं, साखळी झाली नाही तर? म्हणाले, “मला घाई नाही. म्हणजे आहे, दिसतंच आहे तुला. पण तिला घाई करू नकोस.”

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. उत्तरासाठी नाही.

ताई

१२ फेब्रुवारी

चिमटे,

पार्सल मिळालं. दातांच्या टोप्या ठेवायच्या त्या गुलाबी डबीत साखळी बघून मला आधी वाटलं, तू चुकून कुणाची दाढ पाठवलीस.

काय जोडलंस गं! भिंग लावून दोन्ही टोकांपासून कड्या तपासत गेले आणि नवी कडी सापडेना. तिसऱ्यांदा सापडली, ती थोडी कमी काळी आहे म्हणून. खिळ्याची डोकी अशी घासलीस की नखाला लागत नाहीत. एकतीस वर्षं घड्याळाला हात न लावलेल्या बाईचं हे काम. मला आनंद झाला, पण पाठोपाठ कळलंही. म्हणजे इतकी वर्षं हे काम या दुकानात व्हायचं होतं.

चिठ्ठीही वाचली. तीही उतरवते:

‘ताई, एक कडी नवी, दोन खिळे नवे. हे मास्तरांसाठी केलं. तुला माफ केलं असं धरून चालू नकोस, ते मला अजून कळलेलं नाही. पाटी तू बसवू नकोस. मी येऊन बसवीन. कधी ते कळवीन.’

‘ताई’ लिहिलंस. तेवढ्यावर माझे पुढचे चार दिवस निघतील. बाकीचं तू म्हणतेस तसं. धरून चालत नाही.

पाटी बसवलेली नाही. चाकाची सुई करून झाली, चार वेळा मोडली, पाचव्यांदा जमली. सगळे भाग घासून, पुसून घुमटाखाली ओळीने मांडून ठेवलेत. फुगोबाचा गाल मऊ काडीने साफ केला. तुझं स्टूल पुसलं. त्याचा एक पाय आखूड होता ना, तो तसाच ठेवलाय, तुला सवय असेल. मास्तरांच्या लेकीला फोन करून सांगितलं, धाकटी येईल तेव्हा होईल. ती म्हणाली, “चालेल, धाकटीच्याच हातात द्या.” मास्तर मागून ओरडले, “मी आहे म्हणून सांग!”

दोन कामं मात्र तुला न विचारता केली.

झाकणाच्या आत सगळ्या कारागिरांच्या खुणा आहेत, ते आठवतं ना? ज्याने हात लावला त्याने खूण आणि तारीख कोरायची, हा बाबांचा नेम. मी मोजल्या, अकरा आहेत. सगळ्यात जुनी कुणा इंग्रजाची दोन अक्षरं, शेवटचा बाबांचा त्रिकोण. त्याखाली मी माझी खूण कोरली. हात कापतो म्हणून वेडीवाकडी आलीय. तारीख आजची नाही, त्या मंगळवारची घातली. मोडायला का होईना, हात मी लावला होता. खाली तुझ्या खुणेपुरती जागा सोडलीय.

दुसरं, एक गोल कागद कापला आणि बाबांच्या कागदावर ठेवला. बाबांचा काढला नाही. माझ्या कागदावर लिहिलंय:

‘दोष माझा. सांगितलं. धाकटी येईल म्हणून थांबले आहे.’

ताई